वायरमनची पेन्शन आणि आपलं वीजबिल



परवा शेंडीच्या पारावर भाताच्या रोगावर बोलत होतो. एका बाबांनी मध्येच विचारलं, “साहेब, वायरमन लोक पेन्शन मागत्यात. मिळाली तर पैसा कोण भरणार?” प्रश्न रास्त आहे. उत्तर वीज कंपनीच्या हिशोबवहीत सापडतं.

समजा, तुम्ही सालगडी ठेवला आणि शब्द दिला, “दर वर्षाच्या कामामागे पाच हजार बाजूला. काम सोडशील तेव्हा एकदम देईन.” वहीत मात्र तुम्ही फक्त सालाची रक्कम लिहिली. वीस वर्षं शेती फायद्यात दिसली. एकविसाव्या वर्षी गडी दारात उभा, एक लाख द्या! मग गाय विकायची की सोसायटीचं कर्ज काढायचं? चूक शब्द देण्यात नव्हती. दरवर्षी पाच हजार खर्ची टाकून बाजूला न ठेवण्यात होती.

वीज कंपनीचंही असंच आहे. म्हणून इंड एएस 19 हे हिशोबमानक सांगतं, की ग्रॅच्युइटी, पेन्शन असे पुढे द्यायचे लाभ माणूस निवृत्त होईल त्या वर्षी नव्हे, तो राबतो त्याच वर्षी खर्चात धरा. रक्कम विमागणिती काढतो. यात व्याजदराची मेख आहे. दहा वर्षांनी एक लाख द्यायचा असेल, तर 8 टक्के दराने आज सुमारे 46 हजार लागतात, 6 टक्क्यांनी सुमारे 56 हजार. माणसं तीच, शब्द तोच, पण दर उतरला की बोजा फुगतो.

आपल्याकडे 6 जून 2005 रोजी विद्युत मंडळाच्या कंपन्या झाल्या. तिथल्या कामगारांना भविष्यनिर्वाह निधी व ग्रॅच्युइटी आहे; पेन्शनची मागणी जुनीच आहे. इतर राज्यांत काय झालं ते बघा. दिल्लीत जुन्या वीज मंडळाच्या पेन्शनसाठी बिलावर अधिभार लागतो. 2021 मध्ये तो 7 टक्के झाला. कर्नाटकात 1 एप्रिल 2025 पासून पेन्शन-ग्रॅच्युइटीसाठी युनिटमागे 36 पैसे सुरू झाले. काल राबलेल्या माणसाचं देणं आजच्या ग्राहकाच्या बिलात आलं.

कुणी म्हणेल, साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपाचं बिल एप्रिल 2024 पासून माफ आहे, आम्हाला काय त्याचं? अहो, ते पैसे सरकार भरतं, म्हणजे आपल्याच तिजोरीतून जातात. शिवाय घरचा मीटर, पिठाची गिरणी आणि ग्रामपंचायतीची पाणीयोजना यांचं बिल चुकलंय का?

म्हणून पेन्शन देऊच नका, असं मी म्हणणार नाही. मी स्वतः 1 नोव्हेंबर 2005 नंतर नोकरीला लागलेला, जुनी पेन्शन नसलेला माणूस. मार्च 2023 च्या संपात मीही होतो. घाटातल्या पावसात रात्री खांबावर चढणाऱ्याला म्हातारपणी भाकरी हवीच. माझं म्हणणं एवढंच, की शब्द द्याल त्याच वर्षी पैसा वेगळ्या निधीत टाका आणि निधी नीट राखा. उत्तर प्रदेशात 2019 साली वीज कर्मचाऱ्यांच्या भविष्यनिर्वाह निधीचे दोन हजार कोटींहून अधिक रुपये बुडत्या गृहकर्ज कंपनीत अडकले. निधी आहे म्हणून झोपून चालत नाही.

सरपंच, ग्रामसेवक मंडळींना विनंती, वीजदरवाढीचा प्रस्ताव नियामक आयोगापुढे येतो तेव्हा कोणाही ग्राहकाला लेखी हरकत घेता येते. तेव्हा तीन गोष्टी विचारा: कर्मचाऱ्यांचं एकूण देणं किती? त्यापोटी निधीत जमा किती? कोणता व्याजदर धरला? कंपनीच्या वार्षिक अहवालात ‘कर्मचारी लाभ’ या टिपेत हे छापलेलं असतं.

आज विचारलं नाही, तर तो गडी उद्या आपल्या पोरांच्या दारात उभा राहील. त्याचं मागणं खरंच असेल, पण घरात पैसा नसेल.