घड्याळ रेडिओचेच खरे

लहर संगणकाने घडवायची आणि छोट्या पेटीने ती अँटेनाला द्यायची, ही सॉफ्टवेअर रेडिओची कल्पना २००१मध्ये सुरू झालेल्या ‘जीएनयू रेडिओ’ने हौशी मंडळींच्याही हाती दिली. इथे लहर म्हणजे नमुन्यांची रांग आणि एकेक नमुना म्हणजे बहुधा १६ बिटांच्या दोन आकड्यांची जोडी. सेकंदाला १ कोटी नमुने हवे असतील, तर संगणकाला दर सेकंदाला ४ कोटी बाइट पुरवावे लागतात. पुरवठा क्षणभर खंडला की लहरही तुटते. ‘यूएसआरपी’ या उपकरणाचे सॉफ्टवेअर तेव्हा पडद्यावर ‘यू’ हे अक्षर उमटवते. त्या अक्षराच्या धास्तीने आधीच तयार ठेवलेल्या नमुन्यांचा साठा वाढवत नेण्याची सवय लागते, आणि माझा आक्षेप या सवयीला आहे. संगणकाने रेडिओच्या किती पुढे धावायचे याला मर्यादा हवी, आणि ती बाइटमध्ये नव्हे, वेळेत मोजायला हवी.

१० लाख नमुन्यांचा साठा १ कोटीच्या वेगाने सेकंदाच्या दहाव्या भागात संपतो. वेग १ लाखावर आणला, की तोच साठा १० सेकंद पुरतो. मोकळा सोडलेला संगणक जागा असेल तेवढी भरून टाकतो, त्यामुळे माइकवर आत्ता उच्चारलेला शब्द १० सेकंदांच्या रांगेत शेवटी उभा राहतो. गाणी ऐकवणाऱ्या केंद्राला हे चालेल. दोघांच्या संभाषणात ते असह्य आहे.

मग संगणकाने स्वतःच्या घड्याळावर मोजून नमुने द्यावेत, असे कुणी म्हणेल. जीएनयू रेडिओतला ‘थ्रॉटल’ हा घटक हेच करतो, पण तो उपकरण जोडलेले नसेल तेव्हासाठी आहे. संगणक आणि रेडिओ यांच्या घड्याळांचे स्फटिक तंतोतंत जुळत नाहीत. १० लाखांत २० इतकाच फरक धरला, तरी १ कोटीच्या वेगाला तासाभरात ७ लाख २० हजार नमुन्यांची तफावत पडते. संगणक मागे राहिला तर रेडिओ उपाशी, पुढे गेला तर रांग फुगते. म्हणून पाठवलेल्या नमुन्यांतून रेडिओच्या घड्याळाप्रमाणे प्रक्षेपित झालेले वजा करावेत, आणि बाकी ठरल्यापेक्षा जास्त असेल तर संगणकाने थांबावे.

लहान साठा धोक्याचा, हा आक्षेप खोटा नाही. वेगवान प्रोसेसरही त्यावर उतारा नाही, कारण सरासरी वेग कितीही असला तरी संगणक मधेच दुसऱ्या कामाला लागतो. तो जास्तीत जास्त किती वेळ गुंततो हे मोजावे आणि तेवढ्याला पुरून थोडा उरेल इतका साठा ठेवावा. हा आकडा यंत्रागणिक वेगळा निघेल, म्हणूनच तो मिलिसेकंदांत दिसायला आणि वापरणाऱ्याला बदलता यायला हवा.