साखळी दिसते, झोप उडालेली दिसत नाही

एमसी स्टॅन कोण, हे आमच्या कळमनुरीत कुणाला सांगावं लागत नाही. पुण्याच्या ताडीवाला रोडच्या वस्तीतला हा रॅपर अल्ताफ शेख फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘बिग बॉस’ जिंकला आणि आपल्याकडच्या पोरांच्या गळ्यात बाजारातल्या जाड साखळ्या आल्या. त्याचे ८० हजारांचे बूट सगळ्यांना तोंडपाठ. ‘बिग बॉस’च्या घरातून बाहेर पडायचं म्हणून तो कितीदा हटून बसला होता, ते मात्र कुणाच्या स्टेटसला दिसलं नाही. पुढे २०२४ मध्ये रॅप सोडतोय असं त्यानं लिहिलं, तर अर्ध्या जणांनी नव्या गाण्याची जाहिरात म्हणून उडवून लावलं.

सिनेमाचा गायक दुसऱ्याचं दुःख गातो आणि घरी जाऊन जेवतो. रॅपरला स्वतःचंच आयुष्य विकायला काढावं लागतं. पहिल्या अल्बमला वीस वर्षांची भूक पुरते. दुसऱ्याच्या वेळी हाताशी असतात फक्त विमानं, हॉटेलं आणि मागेपुढे करणारी माणसं. मग गाडी गा, बाटली गा, आणि गायलंय तसं जगूनही दाखवा. दारूची गाणी घराघरांत पोचवणारा हनी सिंग २०१४ नंतर एकाएकी दिसेनासा झाला. बायपोलर आजार आणि नशा यांबद्दल तो पुढे स्वतःच बोलला. अमेरिकेतला रॅपर ज्यूस वर्ल्ड डिसेंबर २०१९ मध्ये गोळ्यांच्या अतिसेवनानं गेला, वय २१. गोळ्यांचं तो गाण्यांतून सांगतच होता. ऐकणारे ठेका धरत होते.

हे अमेरिकेचं खूळ म्हणून हात झटकू नयेत. विठाबाई नारायणगावकर तमाशा चालू असताना पडद्यामागे बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही गोष्ट आपण अभिमानानं सांगतो. समोर शिट्ट्या मारणारा प्रेक्षक कोण होता, ते विचारत नाही. दोनदा राष्ट्रपती पदक मिळालेल्या या बाईंचं म्हातारपण हलाखीत गेलं. आता सरकार त्यांच्या नावानं जीवनगौरव देतं!

आमच्या ओळखीतला एक पोरगा उन्हाळ्यात हळद उकडायच्या कुकरवर राबतो आणि रात्री आवाज घुमू नये म्हणून गोधडी पांघरून मोबाइलवर रॅप रेकॉर्ड करतो. कुकरच्या वाफेनं पोळलेल्या हातांवरचं त्याचं गाणं अस्सल होतं. थोडंफार चाललं, पुढचं पडलं. पोरगा जेवेना, कुणाशी बोलेना, दर पाच मिनिटाला व्ह्यूज बघतोय. शेवटी दोन्ही व्हिडिओ त्यानं काढून टाकले. आता मित्राच्या थार गाडीला टेकून नवं गाणं चाललंय. घरी बापाची जुनी मोटारसायकल आहे, तीही किक मारमारून चालू होते.

हळदीचं गाणं परत टाक, म्हटलं. तर म्हणाला, “सर, हळद कोण बघायलंय?”