कोहमाऱ्याहून साकोलीला जाण्याचे शास्त्र

कोरोनाच्या साथीच्या काळात माणसाने माणसापासून किती दूर राहावे, या प्रश्नाचे उत्तर विषाणूच्या स्वभावापेक्षा वाहनाच्या प्रकारावर अधिक अवलंबून असावे, असा निष्कर्ष ऑगस्ट २०२० मध्ये लागू असलेले शासकीय आदेश शेजारी-शेजारी ठेवून वाचणाऱ्या कोणालाही काढावा लागेल. परिपत्रके शेवटच्या स्वाक्षरीपर्यंत वाचण्याची स्तंभलेखकाची खोड या सदराच्या वाचकांना ठाऊक आहे. त्या महिन्यात मात्र परिपत्रकांनीच एकमेकांशी भांडण काढल्यामुळे दोष सर्वस्वी वाचणाऱ्याकडे जात नाही.

वस्तुस्थिती थोडक्यात अशी. २० ऑगस्ट २०२० पासून राज्य परिवहन महामंडळाच्या, म्हणजे एसटीच्या, गाड्या एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात निम्म्या आसनक्षमतेने, म्हणजे गाडीमागे बावीस प्रवासी घेऊन, धावू लागल्या असून त्या प्रवाशांना ई-पास, म्हणजे जिल्ह्याची हद्द ओलांडण्यासाठी पोलिसांकडून संगणकीय पद्धतीने मिळवावयाचा परवाना, लागत नव्हता. खासगी मोटारीला मात्र तो लागत होता, आणि त्याखेरीज मोटारीत चालक व तीन प्रवासी, म्हणजे आदेशाच्या भाषेत ‘एक अधिक तीन’, ही मर्यादा होतीच. त्यातच २२ ऑगस्टला केंद्रीय गृहसचिवांनी सर्व राज्यांना पत्र पाठवून, राज्यांतर्गत वा आंतरराज्य प्रवासावर स्थानिक पातळीवर निर्बंध घालू नयेत, असे बजावले. तरीही महाराष्ट्रातील ई-पास तेव्हा जागचा हलला नाही.

या तिहेरी व्यवस्थेचा अर्थ मुंबईत बसून कळत नाही. त्यासाठी सडक अर्जुनी तालुक्यातील कोहमारा गाठावे लागते. गोंदियाहून गोरेगावमार्गे येऊन नवेगावबांधकडे जाणारा रस्ता मुंबई-कोलकाता महामार्गाला जेथे छेदतो, त्या चौकावरचे हे गाव आहे. पश्चिमेला सौंदड मागे पडले की साकोली, म्हणजे भंडारा जिल्हा, आणि पूर्वेला देवरी मागे पडली की पुढे छत्तीसगड. येथील एका घरात राहणारे, एकाच पातेल्यातला भात खाणारे आणि एकाच खोलीत झोपणारे पाच जण स्वतःच्या मोटारीने साकोलीला निघाले, तर त्यांच्याकडून दोन नियमांचा भंग होत असे, कारण त्यांच्याजवळ पास नसे आणि पाचवा माणूस अधिकचा ठरे. तेच पाच जण चौकात उभे राहून एसटीत चढले आणि सतरा अनोळखी लोकांच्या सोबतीने साकोलीला उतरले, तर कोणत्याही नियमाचा भंग होत नसे, शिवाय त्यांना प्रवासाचे कारणही कोणी विचारत नसे. मुखपट्टी दोन्हीकडे बंधनकारक होती. विषाणूला हा भेद कसा समजावून द्यावा, याबद्दल आदेशात मार्गदर्शन नव्हते.

बावीस या आकड्याकडेही जरा निरखून पाहणे आवश्यक आहे. हा आकडा गाडीत एका वेळी असणाऱ्या प्रवाशांचा होता, प्रवासभरातल्या प्रवाशांचा नव्हे. थांब्याथांब्यावर चार उतरत, चार चढत, आणि गाडी नागपूरला पोहोचेपर्यंत दारातील त्याच दांडीला किती हात लागले याची नोंद कोणत्याही तक्त्यात होत नसे. वाहक, ज्याला सर्वजण कंडक्टर म्हणतात, तो तर प्रत्येक प्रवाशापर्यंत जाऊन, पैसे घेऊन, तिकीट देतो. त्याच्यासाठी अंतराचा नियम कागदावरच राहत असे. मुळात अंतराच्या मापावरही एकमत नव्हते: जागतिक आरोग्य संघटना किमान एक मीटर सांगत होती, आपल्याकडे सहा फूट सांगितले जात, आणि दोन्हींच्या मुळाशी खोकताना-बोलताना तोंडावाटे उडणारे थेंब थोड्या अंतरावर खाली पडतात ही समजूत होती. गर्दीच्या, हवा न खेळणाऱ्या बंदिस्त जागेत विषाणू हवेतूनही पसरण्याची शक्यता नाकारता येत नाही, हे त्याच संघटनेने ९ जुलै २०२० ला मान्य केल्यापासून तर फुटपट्टीपेक्षा खिडकी महत्त्वाची ठरावयास हवी होती. पण खिडक्या उघड्या आहेत की नाहीत हे नाक्यावरच्या शिपायाला मोजता येत नाही, माणसे मात्र मोजता येतात. फुटांचा हा सोस इतका पसरला होता की त्या वर्षी घरगुती गणपतीलाही दोन आणि सार्वजनिक गणपतीला चार फुटांची मर्यादा घालण्यात आली.

एसटीला दिलेली सवलत चुकीची आहे, असे येथे मुळीच सुचवावयाचे नाही. ज्यांच्याकडे मोटार नाही, त्यांना पाच महिन्यांनंतर दवाखान्यापर्यंत किंवा मुलीच्या सासरपर्यंत जाण्याची सोय झाली, आणि वेतन रखडलेल्या चालक-वाहकांची चाके फिरू लागली, ही दोन कारणे सवलतीसाठी पुरेशी होती. आक्षेप एवढाच की ती कारणे न सांगता सवलतीला आरोग्याचा पोशाख चढवला गेला, आणि मग तो पोशाख कोठेच नीट बसेना.

विसंगतीची ही परंपरा कोहमाऱ्याला नवी नव्हती. २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये राज्यातील अनेक गावांनी वेशीवर बांबू आणि काटेरी फांद्या आडव्या टाकून गावबंदी केली, म्हणजे बाहेरच्यांना प्रवेश नाकारला. परंतु ज्या गावाच्या मधून राष्ट्रीय महामार्ग जातो, त्याने फांदी टाकावी तरी कोठे? जिल्ह्यांना संसर्गाच्या धोक्यानुसार रंग देणाऱ्या ३० एप्रिलच्या केंद्रीय यादीत गोंदिया हरित, शेजारचा भंडारा नारिंगी आणि त्यापलीकडचा नागपूर लाल होता, आणि या तिन्ही रंगांना एकाच डांबरी पट्ट्याने जोडलेले होते. त्याच पट्ट्यावरून, नागपूरच्या दिशेकडून येणारे मजूर डोक्यावर बोचकी घेऊन छत्तीसगडकडे चालत होते, तेव्हा त्यांच्या पायांना रंग विचारण्याची सोय नव्हती. मे महिन्यात याच एसटीने मजुरांना राज्याच्या सीमेपर्यंत विनामूल्य पोहोचवले, तर २२ मेपासून इतरांसाठी सुरू झालेल्या गाड्यांना जिल्ह्याची हद्द ओलांडण्यास मनाई राहिली.

ही हद्द तरी कोणती, हे पाहू गेल्यास प्रकरण आणखी मनोरंजक होते. १ मे १९९९ पर्यंत गोंदिया नावाचा जिल्हाच नव्हता. साकोली आणि सडक अर्जुनी एकाच भंडारा जिल्ह्यात नांदत होती, आणि आजही या भागातल्या सोयरिकी, धानाचे व्यवहार व दवाखान्याच्या वाऱ्या जुन्याच नकाशाप्रमाणे चालतात. लोकसभेत साकोली आणि सडक अर्जुनी यांचा खासदार एकच. सर्वांत मौजेची गोष्ट अशी की खुद्द राज्य परिवहन महामंडळाने हे विभाजन कधी मनावर घेतलेलेच नाही: गोंदिया, तिरोडा आणि साकोली ही आगारे, म्हणजे गाड्या ठेवण्याची व सोडण्याची ठिकाणे, अजूनही एकाच भंडारा विभागाच्या कारभाराखाली आहेत. तेव्हा एसटीच्या दफ्तरी कोहमाऱ्याहून साकोलीला जाणे म्हणजे घरातल्या घरात ओसरीवरून माजघरात जाणे होय, आणि पोलिसांच्या दफ्तरी तोच प्रवास परवाना लागणारा परजिल्हा प्रवास होता. दोन खाती, दोन नकाशे आणि एकच रस्ता असताना विषाणूने कोणता नकाशा वापरावा हे ठरवण्यासाठी समिती नेमली गेली नाही, हे त्यातल्या त्यात बरे झाले.

चौकात उभ्या असणाऱ्या काळी-पिवळीची, म्हणजे वाटेत प्रवासी घेत जाणाऱ्या जीपची, स्थिती या सर्वांत अधिक बिकट होती, कारण तिला एसटीची सवलत नव्हती आणि तीन प्रवाशांत डिझेलचा खर्चही निघत नसे. त्या आदेशाची मुदत ३१ ऑगस्टला संपत होती. तोपर्यंत साकोलीला जाऊ इच्छिणाऱ्या पाच जणांच्या कुटुंबाने चौघांना एसटीत बसवावे आणि पाचव्याने रिकामी मोटार मागून आणावी, अशी युक्ती कोणाला सुचली असती. परंतु त्या रिकाम्या मोटारीतल्या एकट्या माणसालाही पास लागत होता.