स्वतःवर प्रेम करा, पण रजा मागू नका

१० ऑक्टोबर २०२४, गुरुवार, दुपारचे चार. जागतिक मानसिक आरोग्य दिन होता आणि त्या वर्षी त्याचा विषयच 'कामाच्या ठिकाणचं मानसिक आरोग्य' हा होता. आमच्या कंपनीने ऑनलाइन सत्र ठेवलं होतं, हजेरी सक्तीची. पडद्यावरच्या बाईंनी आम्हाला डोळे मिटायला लावले, स्वतःच्या खांद्यावर हात ठेवायला लावला आणि 'मी जसा आहे तसा पुरेसा आहे' असं तीनदा म्हणवून घेतलं. मग तीन सूत्रं आली: स्वतःला ओळखा, काहीतरी सर्जनशील करा, स्वतःवर प्रेम करा. मी कॅमेरा बंद ठेवून दुसऱ्या खिडकीत एक बग शोधत होतो, कारण शुक्रवारी रात्री रिलीज होतं. सत्र संपायच्या आधीच मॅनेजरचा मेसेज आला, 'वीकेंडला अव्हेलेबल आहेस ना?'

शुक्रवारी रात्री दोनच्या सुमारास लॅपटॉपचा पासवर्ड टाकायला गेलो आणि तो आठवेचना. गेली दोन वर्षं दिवसातून वीस वेळा टाकलेला पासवर्ड. छातीत धडधड सुरू झाली, हात गार पडले, श्वास पुरेना. रूममेटने दवाखान्यात नेलं. ईसीजी व्यवस्थित निघाला. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी विचारलं, 'सलग सात तास झोप शेवटची कधी झाली?' मला सांगता आलं नाही. 'तुम्ही मनोविकारतज्ज्ञांना भेटा आणि आधी घरी जा,' असं ते म्हणाले. रविवारी मी पुण्याहून सोलापूरमार्गे तुळजापूरची एसटी धरली.

घरी पोहोचलो तेव्हा दसरा उलटून गेला होता आणि देवी निजली होती.

बाहेरच्या वाचकांसाठी हे सांगायला हवं. तुळजाभवानीची मूर्ती चल आहे. ती सिंहासनावरून हलवता येते आणि वर्षातून तीनदा तिला उचलून पलंगावर निजवलं जातं. शारदीय नवरात्राच्या आधी भाद्रपदात घोरनिद्रा, दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर कोजागरीच्या पौर्णिमेपर्यंत श्रमनिद्रा आणि पौषात शाकंभरी नवरात्राच्या आधी मोहनिद्रा. सगळे दिवस मिळून साधारण तीन आठवडे होतात. दसऱ्याला तिचा नवा पलंग अहिल्यानगरकडून वाजतगाजत येतो. महिषासुराशी नऊ दिवस लढून ती दमलेली असते, म्हणून ही श्रमनिद्रा. लहानपणापासून हे पाहत आलोय, पण त्या रविवारी त्या शब्दापाशी पहिल्यांदा थांबलो. श्रम आणि निद्रा. जिने काम केलं तिला झोप. त्यात कुठली अट नाही. जगदंबेला कुणी विचारत नाही, की तू तुझा ताण नीट हाताळायला शिकलीस का, पहाटे उठून ध्यान करतेस का, कृतज्ञतेची वही लिहितेस का. ती दमली, तिला निजवली. दर्शनाची रांग चालू राहते, पण सिंहासन रिकामं असतं आणि रिकाम्या सिंहासनाबद्दल कुणी तक्रार करत नाही.

माझं भांडण इथून सुरू होतं. ज्या गावाने आपल्या देवीची रजा पंचांगात कायमची लिहून ठेवली, त्या गावातून शिकून गेलेली माझ्यासारखी पोरं रजेचा अर्ज टाकताना आजारपणाचं खोटं कारण का शोधतात? आणि ज्यांच्याकडे रजा मंजूर करायचा अधिकार आहे, ते आम्हाला रजेऐवजी प्रेम करायला का सांगतात?

'स्वतःवर प्रेम करा' हा सल्ला चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. तो कोण, कुणाला आणि कशाच्या बदल्यात देतंय, ते पाहा असं म्हणतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये रोगांच्या नव्या वर्गीकरणात 'बर्नआउट'चा समावेश केला, तेव्हा तो आजार म्हणून केला नाही. ती कामाशी निगडित स्थिती आहे आणि कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळ चाललेला ताण नीट हाताळला न गेल्याने ती येते, असं तिथे म्हटलं. म्हणजे उगम कामात आहे. पण उपाय म्हणून जे येतं ते सगळं कामगाराच्या अंगावर: त्याचा श्वास, त्याची वही, त्याचं स्वतःवरचं प्रेम. सर्व्हर रोज रात्री कोसळत असेल तर आम्ही त्यावरचा लोड मोजतो. सर्व्हरला सकारात्मक विचार करायला सांगणाऱ्या इंजिनिअरला दुसऱ्या दिवशी घरी पाठवतील. माणसाच्या बाबतीत मात्र तोच सल्ला देणाऱ्याला मानधन मिळतं.

त्याच सप्टेंबरमध्ये पुण्यात नोकरीला लागलेल्या एका तरुण सनदी लेखापाल मुलीच्या मृत्यूनंतर तिच्या आईने कंपनीला लिहिलेलं पत्र देशभर वाचलं गेलं. कामाच्या ओझ्याबद्दलचं ते पत्र होतं. त्यावर चर्चा चालू असताना एका केंद्रीय मंत्र्यांनी जाहीर कार्यक्रमात सांगितलं, की ताण पेलण्याचं आंतरिक बळ घरच्यांनी आणि शिक्षणसंस्थांनी मुलांना द्यायला हवं. मुलगी गेली आणि धडा तिच्या घरच्यांना! आत्मशोधाची ही भाषा किती सोयीची आहे, हे मला त्या दिवशी कळलं. तिच्यात कामाचे तास मोजावेच लागत नाहीत.

आता भाषेबद्दल थोडं. 'सेल्फ लव्ह'ला मराठीत काय म्हणायचं? 'आत्मप्रेम' म्हटलं की स्वतःच्याच प्रेमात पडलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. पण आपल्याकडे या गोष्टीला शब्दच नाही असं नाही. मी पुण्याला निघालो की आई एसटीच्या खिडकीखाली उभी राहून दर वेळी एकच सांगते, 'जिवाला जप रं लेकरा.' सेल्फ लव्हची मराठी हीच. फरक इतकाच, की हे वाक्य माणूस स्वतःला म्हणत नाही, दुसरं कुणीतरी आपल्याला म्हणतं. आपला जीव आपण जपावा, कारण तो कुणाला तरी हवा आहे. आरशासमोर उभं राहून 'मी पुरेसा आहे' म्हणणारा माणूस एकटा असतो. 'जिवाला जप' ऐकणारा एकटा नसतो. आणि जे सांगतात त्यांच्यावरही जबाबदारी येते. आईने जप म्हणावं आणि तिनेच मला उपाशी ठेवावं, असं होत नाही. कंपनी जप म्हणते आणि रात्री अकराला कॉल लावते.

सर्जनशीलतेचंही तेच झालं आहे. त्या सत्रात आम्हाला छंद जोपासायला सांगितलं. मी कॉलेजात चित्रं काढायचो, पेनने, वहीच्या मागच्या पानांवर. नोकरीत आल्यावर ती इन्स्टाग्रामवर टाकू लागलो, मग लाइक मोजू लागलो, मग किती वाजता टाकलं की जास्त पोहोचतं याचा तक्ता केला. सहा महिन्यांत चित्रं थांबली. विरंगुळ्याचीही मी दुसरी नोकरी करून टाकली होती, तिथेही मलाच माझा मॅनेजर नेमून.

याच्या उलटं उदाहरण आपल्याकडे आहे आणि ते फार मोठं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्या एक लाखाच्या वर भरल्या. नवऱ्याचा मार, सासरचा जाच, भावाची वाट, गेलेलं लेकरू, सगळं त्यात आहे. त्या बायकांना सर्जनशील व्हायला कुणी सांगितलं नव्हतं आणि ऐकायला सभा भरली नव्हती. पण जात्याच्या दुसऱ्या बाजूला बहुतेकदा आणखी एक बाई बसलेली असे. खुंट्याला तिचाही हात असे आणि ओवी तिच्या कानावर पडे. पुढे पिठाची गिरणी आली. अंगमेहनत वाचली, ते फार चांगलं झालं. पहाटे तीनला उठून दळणं हे काही सुख नव्हतं आणि मी त्याचे गोडवे गाणार नाही. पण समोर बसणारी ती दुसरी बाईही गेली आणि तिची जागा कुणी घेतली नाही. मन मोकळं करायला लागतं ते समोरचं माणूस. आता त्या जागी ॲप आहे. ते दिवसाला तीन प्रश्न विचारतं आणि सातव्या दिवशी वर्गणी मागतं.

इथपर्यंतचं लिहून मी हा लेख संपवला असता, तर तो खोटा झाला असता. कारण त्या पाच दिवसांत आमच्या घरात आणखी एक गोष्ट घडत होती आणि ती दिसायला मला तीन दिवस लागले.

आमचं पूजासाहित्याचं छोटं दुकान आहे. कुंकू, परड्या, कवड्यांच्या माळा. देवी श्रमनिद्रेत असते ते पाच दिवस गावाला विश्रांतीचे नसतात. कोजागरीच्या पौर्णिमेला सोलापूरकडून आणि कर्नाटकातून लाखो माणसं चालत येतात, त्यांची तयारी चालू असते. मी घरात पडून होतो. सोलापूरच्या डॉक्टरांनी दिलेली गोळी घेऊन दहा-दहा तास झोपत होतो. बरं वाटायला लागल्यावर दुपारी आईशेजारी बसून कवड्या ओवू लागलो. हात गुंतले की डोकं शांत व्हायचं. मी तिला म्हटलंसुद्धा, 'आई, हे किती भारी वाटतं गं, एकदम मेडिटेशन.' ती हसली. म्हणाली, 'तुला वाटंल. मला अजून दोनशे माळा करायच्यात.'

तोच दोरा, त्याच कवड्या. माझ्यासाठी उपचार, तिच्यासाठी मजुरी.

रात्री पाहिलं, तर ती फरशीवर चटई टाकून निजली होती. देवीच्या निद्राकाळात आमच्या घरातल्या बायका गादी वापरत नाहीत. देवी पलंगावर आणि तिच्या लेकी जमिनीवर. आई झोपायची बाराला आणि उठायची चारला. नवरात्राचे नऊ दिवस उपवासात गेले होते, त्यावर हे पाच. तिला सेल्फ लव्ह सांगायला आजवर कुणी आलेलं नाही, कारण ती कुठल्याच कंपनीच्या पटावर नाही. आणि मी, जो चार दिवस श्रमनिद्रेवर निबंध रचत लोळत होतो, माझी झोप तिच्या जागरणावर उभी होती. माझं ताट वाढून झाकलेलं असायचं. तिने कधी जेवलं, ते मी विचारलं नव्हतं.

म्हणून परंपरेत सगळी उत्तरं आहेत असं म्हणणाऱ्यांशीही माझं भांडण आहे. 'पूर्वी कुठं होतं डिप्रेशन?' असं आमच्या भागात सर्रास विचारतात. होतं. त्याला नाव नव्हतं. कुणाच्या अंगात यायचं, कुणी बोलायचं थांबायचं, कुणी विहिरीकडे जायचं. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे सरकारला २०१५ मध्ये बळीराजा चेतना अभियान सुरू करावं लागलं, तेव्हा त्यासाठी यवतमाळसोबत निवडलेला जिल्हा आमचाच होता. राज्याची ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही जी चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं, त्यांतलं एकही मराठवाड्यात नाही. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं, की वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. मला सोलापूर गाठता आलं. पंचेचाळीस किलोमीटर, एसटीचं भाडं, डॉक्टरांची फी आणि घरात 'वेडाचा डॉक्टर' म्हणून न हिणवणारी माणसं, हे सगळं माझ्याकडे होतं. ज्याच्याकडे यातलं काही नाही, त्याला 'स्वतःचा शोध घे' असं सांगणं म्हणजे त्याला एकटं सोडून देणं आहे.

मग मागायचं काय? कायद्याने जे आधीच दिलंय, ते आधी मागू. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवांतून उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकाला देतो आणि विमा कंपन्यांना मानसिक आजारही शारीरिक आजारासारखाच धरायला सांगतो. विम्याचा कागद काढून वाचा, नाकारलं तर लेखी कारण मागा. ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक चालू आहे. तो मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं. तो आपल्या फोनमध्ये असावा आणि दुकानाच्या भिंतीवरही. माझ्या धंद्यातल्या लोकांनी एकमेकांना एवढं तरी विचारावं, की काल किती वाजता निजलास. आणि पुढच्या वेलनेस सत्रात, प्रश्नोत्तरांच्या वेळी, कुणीतरी हात वर करून विचारावं, 'मॅडम, रिलीज एक आठवडा पुढे जाईल का?' उत्तर नाही असेल, तर बाकीचं सत्र कशासाठी होतं ते सगळ्यांनाच कळेल.

मी तीन आठवड्यांनी कामावर परतलो. त्यातले दोन बिनपगारी गेले. आता रात्री नऊनंतर फोन दुसऱ्या खोलीत असतो. वार्षिक मूल्यमापनात त्याबद्दल एक वाक्य आलं, ते मी वाचलं आणि सही केली. गोळ्या डॉक्टरांना विचारून कमी होत आहेत. चित्रं पुन्हा वहीच्या मागच्या पानांवर आली आहेत आणि ती कुठेही टाकत नाही.

२०२५ च्या दसऱ्याला मी आधीच रजा टाकली होती. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'आईला झोप हवी आहे.' मंजूर झाली. ते पाच दिवस गल्ल्यावर मी बसलो. पहिल्या दुपारी आई तीनदा दुकानात येऊन गेली, माळा नीट लावल्यात का, सुट्टे आहेत का बघायला. चौथ्यांदा आली तेव्हा मी तिला म्हटलं, 'आई, जिवाला जप.' तिने माझ्याकडे जरा विचित्र बघितलं, कारण हे वाक्य तिला कुणी म्हणत नाही. मग आत गेली. तासाभराने डोकावून पाहिलं, तर भरदुपारी, पंखा लावून, ती गाढ झोपली होती. चटईवरच.

गादीचं बघू पुढच्या वर्षी.