अडथळा कोणाला म्हणता?

गवत कापायचं मशीन घ्यायला गेलात की दुकानदाराचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "लॉन मोकळं आहे, की अडथळे आहेत?"

मी इमानदारीत यादी सांगितली होती. एक आंबा, दोन नारळ, तुळशीवृंदावन, झोपाळ्याचे खांब, बोअरचा पाइप आणि आईने लावलेला पारिजातक. तळेगावातलं दीड गुंठा गवत आणि त्यात हा एवढा संसार. दुकानदार म्हणाला, "मग ब्रश कटरच घ्या. तो कुठेही जातो."

तो कुठेही जातो हे खरंच आहे. माझी तक्रारच ती आहे.

त्याआधी आमच्याकडे माळीकाका यायचे. उकिडवं बसून विळ्याने गवत कापायचे. पावसाळ्यात एका कापणीला दोन दिवस लागायचे आणि त्या दोन दिवसांची मजुरी माझ्या डोळ्यांत खुपायची. सॉफ्टवेअरवाल्या माणसाला कुठलंही हळू चाललेलं काम दुरुस्त करावंसं वाटतं. मी ब्रश कटर आणला आणि चाळीस मिनिटांत लॉन साफ. काका कुंपणापाशी उभे राहून बघत होते. जाताना एवढंच म्हणाले, "दादा, दोरी बुंध्याला लावू नका. साल जाईल."

मी हो म्हणालो आणि दोन पावसाळे दर पंधरवड्याला दोरी बुंध्याला लावत राहिलो. कारण गवत नेमकं तिथेच उरतं.

आता यातलं शास्त्र. झाडाच्या सालीच्या आतल्या थरातून पानांत तयार झालेलं अन्न खाली मुळांकडे जातं. पाणी वर चढतं ते त्याच्या आतल्या लाकडातून. नायलॉनची फिरती दोरी लाकडाला काही करत नाही, ती साल खाते. सगळीकडून साल गेली की मुळांची उपासमार सुरू होते, पण पाणी वर जातच असतं, म्हणून पानं हिरवी दिसतात. झाड महिनोन्महिने ठणठणीत असल्याचं नाटक करतं. द्राक्षबागायतदारांना हे पक्कं ठाऊक असतं. घड फुगावेत म्हणून ते मुद्दाम वेलाची साल गोल काढतात, पण ती जखम भरून येईल इतकी अरुंद ठेवतात. मी बोटभर रुंद पट्टा काढला होता, तोही पुन्हा पुन्हा. पारिजातक तिसऱ्या उन्हाळ्यात वाळला. आई काही बोलली नाही. सकाळी परडी घेऊन बाहेर यायची ती थांबली.

आणि गंमत बघा, ही दोरीची कल्पना झाडं वाचवण्यासाठीच निघाली होती. ह्यूस्टनच्या जॉर्ज बॅलस यांना 1971 साली कार धुण्याच्या केंद्रातले फिरते ब्रश बघून ती सुचली. बुंध्याभोवतीचं गवत साल न दुखावता निघावं, हा त्यांचा हेतू होता. पातं लोखंडी नाही, म्हणजे झाड सुरक्षित, हा तर्क मलाही पटला होता.

बाकीच्या मशीनचीही कथा सांगतो, थोडक्यात. वायरवालं इलेक्ट्रिक मोवर वटपौर्णिमेला निघाल्यासारखं प्रत्येक झाडाला प्रदक्षिणा घालतं आणि शेवटी स्वतःचीच वायर कापतं. पेट्रोलचं मोवर आंब्याच्या वर आलेल्या मुळांवर आपटतं. पातंही जातं, मूळही. रोबोची रील बघून मीही भुललो होतो. पण तो धडकला की मागे फिरतो, म्हणजे बुंध्यालगतचं गवत तसंच. ते काढायला पुन्हा ब्रश कटर!

म्हणून माझं म्हणणं असं, की मशीन निवडायच्या आधी बुंध्यालगत गवत असायलाच हवं का, ते ठरवा. आपल्या आजोबांनी याचं उत्तर देऊन ठेवलंय. त्याला आळं म्हणतात. खोडाभोवती दीड-दोन फूट गवत काढून टाकायचं आणि पालापाचोळा पसरायचा, मात्र खोडाला न चिकटवता. कडेला विटा जमिनीच्या पातळीत बसवायच्या, म्हणजे मोवरचं चाक विटेवरून जातं आणि काठ आपोआप कापला जातो. जवळजवळचे दोन अडथळे असतील तर दोघांना मिळून एकच आळं. आमचे नारळ आणि बोअरचा पाइप आता एका बेटावर नांदतात. आंब्याखाली सावलीत गवत नीट येतच नव्हतं, तिथे मी ते कायमचं सोडून दिलं.

उरलेल्या तुकड्याला हाताने ढकलायचं रीळवालं मोवर पुरतं. हे यंत्र 1830 सालचं, इंग्लंडच्या एडविन बडिंग यांचं. लोकरी कापडावरचे तंतू कातरणाऱ्या यंत्रावरून त्यांना ते सुचलं. कात्रीसारखं कापतं, आवाज नाही, वायर नाही, झाडापाशी जागेवर वळतं. त्याचा दोषही सांगतो: गवत गुडघाभर वाढलं किंवा चिंब ओलं असलं की ते हात टेकतं. जुलै-ऑगस्टमध्ये उघडीप बघून दर आठवड्याला फिरवावं लागतं. ज्यांना महिन्यातून एकदाच वेळ आहे त्यांनी ते घेऊ नये.

"मुळात लॉन हवंच कशाला? ती साहेबाची हौस," असं माझे तरुण मित्र म्हणतात. उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यावर हिरवं ठेवलेलं लॉन असेल तर मी त्यांच्याच बाजूने आहे. पण आमची हरळी उन्हाळ्यात वाळते, मी तिला वाळू देतो, आणि पावसाला ती परत येते. दूर्वा म्हणून तीच गणपतीला जाते. तिला साहेबाची कसं म्हणू?

ब्रश कटर मी विकला नाही. कंपाउंडच्या भिंतीलगत, जिथे झाड नाही, तिथे तो चालतो. गॉगल घालूनच, कारण खडे उडतात. वृंदावनाच्या कोपऱ्यात मात्र कुठलंच यंत्र वळत नाही, तिथे काका विळा घेऊन बसतात. अर्ध्या दिवसाचं काम आहे, मी पूर्ण दिवसाची मजुरी देतो आणि तेवढ्यात ते आळीही सारखी करून जातात. नव्या पारिजातकाचं आळं त्यांनीच आखलं. मी दोन फूट म्हणालो होतो. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि चार फूट आखलं.