गोवर जातो, पण काय घेऊन जातो?

डोंबिवली-कल्याणकडे भाड्याचं घर म्हणजे अकरा महिन्यांचा करार. तो संपला की पूर्वेचं बिऱ्हाड पश्चिमेला जातं, पश्चिमेचं टिटवाळ्याला. टेम्पोत फ्रिज चढतो, कपाट चढतं, शेगडी चढते. बाळाचं लसीकरणाचं कार्ड मात्र कुठल्या पिशवीत गेलं, ते कुणालाच आठवत नाही. नव्या घराजवळचं आरोग्य केंद्र माहीत नसतं आणि जुन्या भागातल्या आशाताईंच्या यादीतून नाव गळलेलं असतं. अशाने बहुतेक वेळा बुडतो तो गोवर-रुबेलाचा दुसरा डोस.

पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर असतो. बाळ कडेवर असतं, आजी घरात असते, नर्सबाईंचा फोन येतो, त्यामुळे तो सहसा होतो. दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या मधला. तोवर आईची नोकरी पुन्हा सुरू झालेली असते, पोर दुडुदुडु धावत असतं आणि मे महिना गावाला गेलेला असतो. ‘एक दिलीये ना, बास झालं,’ असं म्हणून मोकळे होणारे शिकलेल्या घरांतही कमी नाहीत.

बास होत नाही. आईकडून मिळालेली प्रतिपिंडं नवव्या महिन्यात काही बाळांच्या रक्तात शिल्लक असतात आणि ती लशीतल्या अशक्त केलेल्या विषाणूलाच गारद करतात. त्यामुळे या वयात टोचलेल्या शंभर बाळांपैकी साधारण पंधरांना पहिल्या डोसाने संरक्षण मिळत नाही. ती पंधरा कोणती, हे बाळाकडे बघून ओळखता येत नाही. दुसरा डोस आहे तो त्यांच्यासाठी. आणि गोवर थोपवायला शंभरातली पंच्याण्णव मुलं सुरक्षित लागतात, कारण इतका सांसर्गिक आजार क्वचितच दुसरा असेल. रोगी मूल खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू तिथल्या हवेत दोन तासांपर्यंत टिकतो.

२०२२ साली हे आपल्या दारात घडलं. कोविडच्या दोन वर्षांत राहून गेलेल्या लसींची किंमत त्या वर्षीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात वसूल झाली. गोवंडीत मुलं दगावली, कस्तुरबा रुग्णालयाचे वॉर्ड भरले, आणि भिवंडी, ठाणे, मालेगाव अशी नावं रोज बातम्यांत येऊ लागली. उद्रेकाच्या भागांत नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना जादा डोस द्यावा, असं केंद्राला तेव्हा सांगावं लागलं.

तरीही एक वाक्य कानावर पडतंच. ‘आमच्या वेळी सगळ्यांना गोवर यायचा, आठ दिवसांत जायचा.’ जायचा, हे खरं. पण जाताना तो काय घेऊन जायचा, ते अलीकडच्या संशोधनाने दाखवलंय, आणि माझ्या मते प्रत्येक आईबापाने ते ऐकायला हवं.

आपल्या रक्तात काही पेशी अशा असतात, ज्या पूर्वी येऊन गेलेल्या जंतूंची ओळख जपून ठेवतात. गोवराचा विषाणू नेमका याच पेशींना धरतो. चोराने पोलीस चौकीत शिरून आधी जुन्या गुन्हेगारांच्या फायली जाळाव्यात, तसला हा प्रकार. नेदरलँड्समध्ये २०१३ साली, धार्मिक कारणाने लस नाकारणाऱ्या वस्त्यांत, गोवराची साथ आली होती. तिथल्या लस न घेतलेल्या ७७ मुलांचं रक्त साथीच्या आधी आणि नंतर घेतलेलं होतं. हार्वर्डच्या मायकेल मिना आणि स्टीफन एलेज यांच्या गटाने ते तपासलं आणि निष्कर्ष २०१९ मध्ये ‘सायन्स’मध्ये छापले. गोवर होऊन दोनेक महिने झाल्यावर त्या मुलांनी आपल्या प्रतिपिंडांच्या साठ्यातला ११ ते ७३ टक्के भाग गमावला होता. ही प्रतिपिंडं सर्दी-फ्लूच्या, न्यूमोनियाच्या, आधी झालेल्या इतर आजारांच्या जंतूंविरुद्धची होती. लस घेतलेल्या मुलांत मात्र अशी घट दिसली नाही.

म्हणजे पुरळ मावळला, मूल खेळायला लागलं, घरच्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, तरी त्या मुलाला जुन्या जंतूंशी पुन्हा पहिल्यापासून ओळख करून घ्यावी लागते. याच मिनांच्या २०१५ च्या अभ्यासात ही पडझड दोन-तीन वर्षं पुरते, असं दिसलं होतं. पुढच्या पावसाळ्यात ते मूल न्यूमोनियाने आजारी पडतं, तेव्हा घरात कुणीही गोवराचं नाव काढत नाही. तसा याचा सुगावा जुनाच आहे. व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०८ मध्येच नोंदवलं होतं की गोवर झालेल्या मुलांत क्षयाची त्वचा-चाचणी काही काळ उमटेनाशी होते.

आता कामाचं. आजच कार्ड शोधा आणि त्याचा फोटो नवरा-बायको दोघांच्याही फोनमध्ये ठेवा. कार्ड हरवलं असेल तरी चालेल, महापालिकेच्या आरोग्य केंद्रात जा. कल्याणला रुक्मिणीबाई, डोंबिवलीला शास्त्रीनगर रुग्णालय आहेच. लस फुकट आहे, आणि दुसऱ्या वॉर्डातले किंवा परगावचे म्हणून मुलाला परत पाठवायचं नसतं. दोन वर्षं उलटून गेली असली तरी पाचव्या वर्षापर्यंत राहिलेला डोस देता येतो. लसीकरणाच्या दिवशी शक्यतो सकाळी लवकर पोहोचा. ही लस कोरडी भुकटी असते, द्रावण घालून तयार करतात, मग नर्सबाई कुपीवर वेळ लिहितात आणि चार तासांनी उरलेली फेकून देतात. म्हणून कधीकधी ‘अजून मुलं येऊ देत’ असं ऐकायला मिळतं. एका मुलासाठीही कुपी उघडावी, असंच धोरण आहे. तेव्हा न भांडता, पण न हलता बसा. उजव्या दंडावर सुई झाली की नर्सबाई चमच्याने ‘अ’ जीवनसत्त्वाचं औषधही पाजतील, तेही नाकारू नका. आठवड्याभराने एखाद्या बाळाला हलका ताप किंवा चार पुटकुळ्या येतात. याचीच अफवा होते. २०१८ च्या नोव्हेंबरात शाळाशाळांतून गोवर-रुबेला मोहीम झाली, तेव्हाही व्हॉट्सअ‍ॅपवर काय काय फिरत होतं, ते ज्यांची मुलं तेव्हा शाळेत होती त्यांना आठवत असेल.

आणि गोवर झालाच तर? आधी ताप, खोकला, वाहतं नाक आणि लालभडक डोळे. तीन-चार दिवसांनी कानामागून, कपाळावरून पुरळ खाली उतरतो. ‘बाहेर पडू दे’ म्हणून मुलाला उपाशी ठेवणं, पाणी तोडणं हे मुलाच्या जिवावर बेतू शकतं. अंगावरचं दूध, पेज, वरण-भात, जे खाईल ते द्या. उशाशी कडुलिंबाचा पाला ठेवायचा तर ठेवा, डॉक्टरांना उशीर करू नका एवढंच. गोवरात ‘अ’ जीवनसत्त्वाचे दोन मोठे डोस लागोपाठच्या दोन दिवशी द्यायचे असतात, त्याने डोळे आणि जीव दोन्ही वाचतात. डॉक्टर विसरले तर आठवण करून द्या. श्वास भरभर चालू लागला, मूल दूध ओढेना, झोपेतून नीट उठेना, झटका आला, की रात्र असली तरी इस्पितळ गाठा.

जाण्याआधी फोन मात्र करा. पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून चार दिवस नंतरपर्यंत मूल आजार पसरवतं. दवाखान्याच्या बाकावर शेजारी कुणाचं सहा महिन्यांचं तान्हं बसलेलं असतं, त्याला अजून लस मिळायचीच आहे. संध्याकाळच्या कल्याण लोकलला लेडीज डब्यात तर असं मूल नेऊच नका, रिक्षा करा. घरातल्या किंवा शेजारच्या मुलाचा डोस राहिलेला असेल तर संपर्कानंतर ७२ तासांच्या आत दिलेली लस बऱ्याचदा आजार टाळते, तेव्हा शेजाऱ्यांपासून लपवू नका.

सोसायट्यांच्या समित्यांनाही एक सांगायचंय. शीळ रोडला, घोडबंदरला नवे टॉवर उठताहेत, आणि तिथल्या मजुरांची पोरं पत्र्याच्या खोल्यांत राहतात. साइट बदलली की त्यांचा पत्ता बदलतो, आपल्या भाडेकरूंपेक्षाही लवकर. आपल्या गेटपलीकडे पाच वर्षांखालची किती मुलं आहेत, ते वॉचमनला विचारा, आणि तो आकडा जवळच्या आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंना कळवा. जागेवर येऊन टोचण्याची सोय त्या करू शकतात, फक्त मुलं कुठे आहेत ते त्यांना कुणीतरी सांगावं लागतं.