चुलीवरील कर कोण भरतो?

इंधन जळताना हवेत जितका कर्बवायू मिसळतो, त्या प्रमाणात इंधनावर कर बसवावा, म्हणजे लोक स्वच्छ इंधनाकडे वळतील, असा विचार जगात मान्यता पावत आहे. आयर्लंडने २०१० साली असा कर सुरू केला आणि २०१३ पासून घरोघरी जळणाऱ्या कोळशासही तो लागू केला. भारतात २०१० मध्ये दगडी कोळशावर टनास ५० रुपये अधिभार बसला व २०१६ पर्यंत तो ४०० रुपयांवर गेला. सप्टेंबर २०२५ मध्ये तो रद्द होऊन कोळशावरील वस्तू व सेवा कर ५ टक्क्यांवरून १८ टक्के करण्यात आला.

दीपनगरच्या वीजकेंद्रात जळणाऱ्या कोळशावर असा कर बसू शकतो. खानदेशातील चुलीवर तो बसू शकत नाही. कर बसतो विकत घेतलेल्या मालावर. जळगाव-धुळ्याच्या खेड्यांत जळते ती घरच्या शेतातील पऱ्हाटी व तुराटी, गोठ्यातील शेणाची गोवरी, आणि सातपुड्याच्या पायथ्याशी डोक्यावरून आणलेली मोळी. यांचे ना वजन होते, ना पावती फाटते. उलट गॅसची टाकी महागली की घर मुकाट्याने चुलीकडे परतते. उज्ज्वला योजनेने २०१६ पासून शेगडी घरात आणली. ती रोज पेटते की नाही, हे टाकीच्या किमतीवर ठरते.

मात्र चुलीचे जळण फुकट असते, हा समज सोडावयास हवा. त्याची किंमत गृहिणी आपल्या डोळ्यांनी व छातीने मोजते. गोवरी जळते तेव्हा शेतास मिळावयाचे सेंद्रिय द्रव्य व नत्र धुरावाटे निघून जाते, आणि मग शेतकरी तेच नत्र युरियाच्या गोणीतून विकत घेतो. पऱ्हाटीची किंमत तर पुढच्या पिकाला मोजावी लागते. वेचणीनंतर घराजवळ रचलेल्या गंजीतील किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेत राहते व पुढील हंगामात तिचे पतंग पुन्हा कपाशीवर येतात. २०१७ च्या हंगामात या अळीने केलेली हानी शेतकरी विसरलेले नाहीत.

‘पऱ्हाटी रचू नका’ हा सल्ला दरवर्षी दिला जातो व पुष्कळ घरी तो पाळला जात नाही. यात शेतकऱ्याचा हटवाद नाही. गंजी मोडली तर पावसाळ्यात चूल कशाने पेटवावी, या प्रश्नाचे उत्तर त्या सल्ल्यात नसते. म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्याने शेताइतकीच स्वयंपाकघराचीही चौकशी करावी. ज्या घरी चार-पाच जनावरे आहेत, तेथे रोजच्या सुमारे ५० किलो शेणावर २ घनमीटरचे गोबरगॅस संयंत्र चालते आणि मळी शेतास मिळते. ज्या घरी जनावरे नाहीत, तेथे गॅसची टाकी परवडेल अशा दरात मिळत राहणे, हाच खरा उपाय होय. ही सोय झाली म्हणजे पऱ्हाटीचे यंत्राने तुकडे करून त्यांचे खत करण्यास गृहिणीची हरकत उरणार नाही.

कोळशावरील कराचा काही वाटा सरकारने याच कामी लावावा. चुलीला कर लावता येत नाही. तिला पर्याय देता येतो.